हिरव्या बनातीवरील घुणाक्षरे

सोलापूरच्या माणसापुढे कापड आले, की डोळ्यांच्या आधी त्याची बोटे ते पाहतात. विजापूर रस्त्यावरील एका दुकानाच्या माडीवर, जेथे अलीकडे तरुण मुले तासाच्या हिशेबाने पैसे मोजून पूल आणि स्नूकर खेळतात, तेथे एका वडीलधाऱ्या स्नेह्यांसह मी गेलो, त्या संध्याकाळी याचा प्रत्यय मला पुन्हा आला. या स्नेह्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. उमेदीची वर्षे त्यांनी गिरणीच्या विणाईखात्यात जॉबर म्हणून काढली, आणि गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागाच्या कारखान्यांतून. बिलियर्डच्या जातीचा कोणताही खेळ मात्र त्यांनी तोवर पाहिला नव्हता. माडीवर पाऊल ठेवताच खेळणाऱ्यांकडे ढुंकूनही न पाहता ते सरळ त्या बारा फुटी मेजाजवळ गेले, उजव्या हाताची बोटे पालथी करून त्यांनी हिरव्या कापडावरून एकदा या टोकाकडे आणि एकदा त्या टोकाकडे फिरवली, आणि म्हणाले, 'लोकर आहे ही. आणि हिची लव पलीकडच्या अंगाला पडलीय.'

काउंटरवरचा मुलगा चकित झाला. 'अण्णा, तुम्हाला कसं कळलं? इथं रोज येणाऱ्यांनासुद्धा हे ठाऊक नसतं.'

'त्यात कळायचं काय? हात सांगतो,' अण्णा म्हणाले.

हाताने सांगितलेली ती गोष्ट या खेळाच्या मर्माची आहे. स्नूकरच्या मेजावर ताणलेले कापड लोकरीचे असते. विणून झाल्यावर त्याची लव उठवतात, ती सारखी कातरतात आणि एकाच दिशेने बसवतात. मेजाच्या ज्या टोकाकडून खेळास आरंभ होतो, तेथून काळ्या चेंडूच्या ठाण्याकडे ही लव वाहत असते. चेंडू वेगात असेतोवर तिला जुमानत नाही. परंतु वेग ओसरू लागला, की आडव्या वाटेने चाललेला चेंडू लवेच्या ओढीने किंचित वाहत जातो आणि केसभर फरकाने पॉकेट चुकतो. म्हणून मेजावर ब्रश फिरवायचा तो लवेच्या दिशेने, आणि इस्त्री फिरवायची तीही त्याच दिशेने, असा जुना शिरस्ता आहे. शेजारच्या लहान मेजावर पूल चालले होते. त्याच्या कापडालाही अण्णांनी हात लावला आणि 'ह्याला लव नाही' असा निर्वाळा दिला. तोही बरोबर होता, कारण अमेरिकन धाटणीच्या पूलचे कापड बहुधा बिनलवेचे आणि म्हणूनच अधिक पळते असते.

आपल्या जुन्या दफ्तरांत ज्याला बनात म्हटले आहे, त्याच कुळीचे हे वस्त्र. इंग्रजांची कंपनी विलायतेहून हिंदुस्थानात विकावयास जो माल आणी, त्यात लोकरीच्या या जाड कापडाचे स्थान पहिले होते. सकलाद आणि बनात ही नावे मराठी कागदपत्रांतून येतात ती त्यामुळेच. दख्खनच्या उन्हात लोकरीची वस्त्रे अंगावर वागवण्याची हौस फार थोड्यांना असणार. त्यामुळे या बनातीचा पुष्कळसा भाग हत्तीच्या झुली, घोड्यांची खोगिरे आणि दरबारी थाट यांच्या कामी लागला. आमच्या जिल्ह्याची स्वतःची लोकर निराळी. सांगोल्याकडच्या धनगरांच्या मेंढ्यांची, काळी, राठ. तिचे घोंगडे होते, आणि ते अंगावर घेऊन माणूस पावसात उभा राहतो. एकाच जातीच्या तंतूंतून एकीकडे घोंगडे निघाले आणि दुसरीकडे साहेबाच्या खेळाची जमीन निघाली, हे त्या संध्याकाळी अण्णांच्या पालथ्या बोटांकडे पाहताना मनात येऊन गेले.

अण्णांना खेळून पाहावेसे वाटले, तेव्हा त्या मुलाने मोठ्या आस्थेने त्यांना उभे राहण्यापासून शिकवले. उजवा पाय नेमाच्या रेषेवर ठेवायचा, डावा थोडा पुढे. कमरेतून वाकून हनुवटी क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, जवळजवळ टेकवायची. डाव्या हाताचा पंजा कापडावर रोवून अंगठा वर उचलायचा आणि त्याच्या खाचेतून क्यू सोडायचा. या खाचेला ब्रिज म्हणतात. पूल नावाच्या खेळासाठी आधी हाताचा पूल बांधावा लागतो, हा केवळ आपल्या भाषेने जुळवून आणलेला योग आहे, पण तो मला आवडला. मागचा हात कोपरातून झुलवायचा. खांदा हलला की नेम बिघडला. मुलगा हे सारे सांगत होता आणि अण्णांचे कोपर तेवढ्यात झुलू लागले होते. 'म्हणजे धोट्यासारखं,' ते म्हणाले. 'धोटा वाकडा गेला तर ताणा तुटतो.' याहून नेमकी उपमा या खेळाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल असे मला वाटत नाही. क्यूचे सारे शास्त्र तो सरळ जाण्यात आहे. पांढऱ्या चेंडूच्या मध्यावर आघात झाला तर चेंडू सरळ जातो. मध्याच्या खाली झाला तर समोरच्या चेंडूला भिडून तो मागे फिरतो, याला स्क्रू म्हणतात. वर झाला तर टक्करीनंतरही पुढे चालत राहतो. उजवी-डावीकडे झाला तर त्याला साइड मिळते आणि कुशनला, म्हणजे मेजाच्या उसळत्या काठाला, लागल्यावर त्याचा परतीचा कोन बदलतो. समोरचा चेंडू मात्र एकच कायदा पाळतो: आघाताच्या क्षणी दोन्ही चेंडूंचे मध्य जोडणारी जी रेषा असेल, तिच्या दिशेने तो निघतो. पांढऱ्या चेंडूचा मध्य समोरच्याच्या कडेवर रोखला, म्हणजे अर्ध्या चेंडूची टक्कर झाली, तर समोरचा चेंडू मूळ रेषेशी ३० अंशांचा कोन करून जातो. ही भूमिती युक्लिडच्या काळीही खरी होती आणि विजापूर रस्त्यावरही खरी आहे.

नंतर त्या मुलाचा स्वतःचा डाव सुरू झाला आणि ज्या घटनेमुळे हा लेख लिहावासा वाटला ती घडली. कोपऱ्यातील पॉकेटवर त्याने एक लाल चेंडू जोरात मारला. तो पॉकेटच्या तोंडाशी दोन्ही ओठांवर थडथडला, आत न जाता उसळून बाहेर आला, सगळे मेज आडवे ओलांडून निळ्या चेंडूला घासला आणि कोणाच्याही मनात नसलेल्या मधल्या पॉकेटमध्ये शांतपणे उतरला. पाहणारी पोरे ओरडली. मुलगा मात्र हसला नाही. कापडावरचा डावा हात त्याने हलकेच उचलून प्रतिस्पर्ध्याकडे दाखवला आणि पुढच्या फटक्यासाठी वाकला. अण्णांनी विचारले, 'हात का केलास रे?' तो म्हणाला, 'लक लागलं ना. सॉरी म्हणायचं असतं.' गुण त्याला मिळाले. पण ते आपल्या कर्तबगारीचे नाहीत हे त्याने भर सभेत कबूल केले.

असल्या फटक्याला इंग्रजीत फ्लूक म्हणतात, आणि तो शब्द आज सोलापुरातील रिक्षावाल्याच्या तोंडीही आहे. परीक्षेत अनपेक्षित पास झालेला विद्यार्थी 'फ्लूक लागला' म्हणतो. हा शब्द छापील इंग्रजीत प्रथम आढळतो तो १८५७ च्या सुमारास, आणि तोही बिलियर्डच्या मेजावरील नशिबाच्या फटक्याच्या अर्थाने, ही गोष्ट मात्र थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडे या कल्पनेला नावांची वाण नाही. लागला तर तीर नाहीतर तुक्का, हे लोकांचे; कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हेही लोकांचेच, ज्याला शास्त्री काकतालीय न्याय म्हणतात. परंतु मला सर्वांत समर्पक वाटतो तो घुणाक्षर न्याय. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. तो लाकूड खात खात जातो आणि त्याच्या वाटेचा आकार कधी एखाद्या अक्षरासारखा दिसतो; म्हणून किड्याला लिहिता येते असे कोणी म्हणत नाही. त्या मुलाने उचललेल्या हाताचा अर्थ नेमका हाच होता: अक्षर उमटले आहे खरे, पण ते मी लिहिलेले नाही.

बिलियर्डचा इतिहास वाचीत गेलो, तेव्हा मला असे दिसले की गेल्या दोनशे वर्षांतील या खेळाची जवळजवळ प्रत्येक सुधारणा म्हणजे हे घुणाक्षर पुसून टाकण्याचा प्रयत्न आहे. पूर्वी मेजाचा तळ लाकडाचा असे. हवा दमट झाली की लाकूड फुगे, कोरडी झाली की वाके, आणि उत्तम नेम धरलेला चेंडू भलतीकडे जाई. लंडनच्या जॉन थर्स्टन नावाच्या कारागिराने १८२६ साली पाटीच्या दगडाचा तळ घातला आणि जमीन एकदाची स्थिर झाली. कुशनमध्ये आधी कापड आणि केस भरलेले असत. त्याने १८३५ मध्ये तेथे रबर आणले, परंतु विलायतेच्या थंडीत ते गोठून दगड होई, म्हणून खेळापूर्वी गरम पाण्याच्या भांड्यांनी ते शेकावे लागे. गंधक घालून पक्के केलेले रबर १८४५ मध्ये आल्यावर ही पीडा टळली. क्यूच्या टोकाला चामड्याची टिकली लावण्याची कल्पना मँगो नावाच्या एका फ्रेंच कप्तानाची. तो पॅरिसमध्ये राजबंदी असताना कैदेतच या खेळात प्रवीण झाला असे सांगतात. चामड्याने चेंडूला पकड मिळाली आणि खडूने ती पक्की झाली. इंग्लंडात बाथ गावी कार नावाचा एक मार्कर, म्हणजे गुण मांडणारा पगारी नोकर, होता. त्याने चेंडूला साइड देण्याची विद्या साधली आणि साधा खडू डब्यांत भरून जादूची भुकटी म्हणून विकला, अशी जी गोष्ट सांगतात ती खरी असो वा नसो, या खेळाच्या विद्येचा एक धागा पगारी मार्करांच्या हातातून आला आहे हे तीतून उघड होते. राहिला चेंडू. तो हस्तिदंताचा असे, आणि दाताचा गर्भ सर्वत्र सारखा नसल्याने कोणताही चेंडू पूर्ण समतोल नसे. अमेरिकेत हायटने १८७० च्या आगेमागे सेल्युलॉइडचा शोध लावला तो या हस्तिदंताला पर्याय शोधता शोधताच. आज घरोघरी असलेल्या प्लॅस्टिकच्या वंशवेलीचे एक मूळ बिलियर्डच्या मेजाखाली आहे.

हिंदुस्थानात हा खेळ पलटणींबरोबर आला आणि छावण्यांच्या मेसमधून जिल्ह्याच्या क्लबांत उतरला. पूर्ण मापाच्या मेजाला पाटीच्या दगडाच्या पाच फरश्या लागतात आणि सगळ्याचे वजन टनाच्या वर जाते. बैलगाडीने ते घाट चढवणे अशक्य नव्हते, पण आगगाडीने ते सुकर केले. सोलापुरास रेल्वे १८६० मध्ये आली. ज्या गावी कलेक्टर, जज्ज, सिव्हिल सर्जन आणि पोलीस सुपरिंटेंडेंट हे चार हुद्देदार असत, त्या गावी क्लब असे. ज्या क्लबाला ऐपत असे, त्यात बिलियर्डची खोली असे. आणि जेथे ती खोली असे, तेथे मार्कर असे. मराठी संस्थानिकांनी नव्या धर्तीचे वाडे बांधले त्यांतही या खोलीला जागा मिळाली.

या मार्करविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण त्याच्याविषयी कोणी लिहीत नाही. गुण मांडणे हे त्याच्या हुद्द्याच्या नावातले काम. परंतु सकाळी मेजाला ब्रश मारणे, इस्त्री करणे, क्यूच्या टिकल्या चिकटवून घासणे, नवख्या साहेबाला उभे राहायला शिकवणे, आणि जोडीदार न मिळालेल्या अंमलदाराबरोबर खेळून त्याला फार दुखावणार नाही अशा बेताने हरणे, हीही कामे त्याचीच. दिवसाचे आठ-दहा तास मेजापाशी उभा असलेला हा माणूस सभासदांपेक्षा चांगला खेळे यात नवल नाही. तथापि त्या काळच्या हौशी खेळाच्या व्याख्येत, खेळावर वेतन घेणारा तो धंदेवाईक, म्हणून हौशांच्या स्पर्धेला अपात्र. क्लबांच्या भिंतींवर विजेत्यांच्या नावांचे सोनेरी अक्षरांचे फलक असतात. मार्करांची नावे पगारपत्रकात राहिली, आणि पगारपत्रके रद्दीत गेली. ज्या विद्येचे शिक्षक असे अनामिक राहिले तिचा इतिहास लिहिताना हात अडखळतो.

क्लबांत त्या काळी बिलियर्डपेक्षा पूल अधिक खेळले जाई, कारण त्यात एका वेळी अनेकांना भाग घेता येई आणि पैसे लागत. हे पूल आजचे नव्हे. पूल हे नावच मुळी पणाच्या सामायिक रकमेचे. प्रत्येक खेळाडूस निराळ्या रंगाचा चेंडू आणि ठराविक प्राण मिळत. दुसऱ्याने आपला चेंडू पॉकेटमध्ये घातला की एक प्राण गेला आणि दंड भरावा लागला. शेवटपर्यंत जो जिवंत राहील, त्याने सगळा गल्ला उचलावा. येथे घुणाक्षराला मोठा वाव होता, आणि तोच या खेळाचा कैफ होता. खेळातील कौशल्य आणि दैव यांची ही फारकत सरकारलाही करावी लागली. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने जुगाराचे अड्डे गुन्ह्याखाली आणले, परंतु निव्वळ कौशल्याच्या खेळास हा कायदा लागू नाही, असे त्यातच लिहून ठेवले. मेजावरच्या मुलाने हात उचलून जे कबूल केले, तेच कायदेमंडळाने कलमात बसवले: कर्तबगारी वेगळी, नशीब वेगळे.

स्नूकर या पूलच्याच पोटी जन्मले, आणि जन्मले ते आपल्या मुलखात. १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीत डेव्हनशायर पलटणीच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाचा जेमतेम एकोणीस वर्षांचा लष्करी अंमलदार होता. पुढे इंग्लंडचा मुख्य प्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात होते, आणि १८६१ नंतर ज्या मध्यप्रांतात ते मोडत असे, त्याची राजधानी नागपूर. त्या १८७५ मध्येच आमच्या सोलापुरात पहिल्या कापडगिरणीची उभारणी चालली होती, जी १८७७ मध्ये सुरू झाली आणि जिला आम्ही आजही जुनी मिल म्हणतो. तिकडे जबलपुरी पाऊस लागला होता, बाहेर पडणे शक्य नव्हते, आणि नेहमीच्या पूलला सारे विटले होते. चेंबरलेनने पिरॅमिड नावाच्या खेळातील पंधरा लाल चेंडूंत ब्लॅक पूल या पूलच्याच एका प्रकारातला काळा मिसळला, मग पिवळा, हिरवा, गुलाबी. निळा आणि तपकिरी मागाहून आले. पाहुणा म्हणून आलेल्या एका तरुण अंमलदाराने, वुलिचच्या लष्करी शाळेत पहिल्या वर्षाच्या नवशिक्यांना स्नूकर म्हणतात, असे सांगितले. थोड्या वेळाने कोणाचा तरी सोपा फटका हुकला, तेव्हा चेंबरलेनने त्याला तोच शब्द लावला, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून, या नव्या खेळात आपण सारेच स्नूकर आहोत, असे जोडून टाकले. नाव चिकटले. याचा अर्थ, आपण ज्याला स्नूकर म्हणतो त्याचे शब्दशः मराठी 'नवशिका' असे होईल.

१८८२ मध्ये उटीच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावले गेले. १८८५ मध्ये इंग्लंडचा बिलियर्डवीर जॉन रॉबर्ट्स कलकत्त्यास आला असता कुचबिहारच्या महाराजांकडील भोजनप्रसंगी त्याची व चेंबरलेनची गाठ पडली आणि रॉबर्ट्सने हा खेळ विलायतेस नेला. पुढे १९१३ मध्ये त्याच महाराजांच्या मुलाशी सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे यांचा विवाह झाला. स्नूकर ज्या घरातून जगाकडे निघाले, त्या घरी मराठी सून गेली. खेळाच्या जन्माची ही कथा वादात राहिली असती, परंतु १९३८ मध्ये वयाच्या ८२व्या वर्षी चेंबरलेनने स्वतः पत्र लिहून ती मांडली, आणि पुढच्याच वर्षी कॉम्प्टन मॅकेन्झी या लेखकाने तिला पुष्टी दिली.

स्नूकरने बिलियर्डला मागे का सारले, याचे कारण माझ्या मते पुन्हा या घुणाक्षरातच आहे. तीन चेंडूंच्या बिलियर्डमध्ये धंदेवाईकांनी दैवाचा इतका पुरता निःपात केला, की शेवटी पाहणारेच उरले नाहीत. १९०७ मध्ये टॉम रीस नावाच्या खेळाडूने पॉकेटच्या तोंडाशी दोन चेंडू अडकवून ठेवले आणि त्यांना पुनःपुन्हा हलकेच स्पर्श करीत पाच आठवड्यांत ४,९९,१३५ गुणांचा अखंड डाव केला. तो संपलाही नाही, थांबवला गेला. ती युक्ती नियमाबाहेर टाकावी लागली. १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने ४,१३७ गुणांचा डाव केला, आणि नियम पुन्हा बदलावे लागले. ज्या खेळात कधीच काही अनपेक्षित घडत नाही, तो सिद्धी म्हणून वंदनीय असेल. तिकीट काढून तो पाहायला माणूस जात नाही. बावीस चेंडूंच्या स्नूकरमध्ये मात्र गर्दीमुळे थोडासा योगायोग सदैव शिल्लक राहतो. १९२७ मध्ये जो डेव्हिसने पहिली जागतिक स्नूकर स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या वाट्याला सहा पौंड दहा शिलिंग आले. बिलियर्डच्या वैभवापुढे ही रक्कम क्षुल्लक होती, पण लोक हळूहळू या नव्या मेजाकडे वळले.

आमच्या गावाला साहेबाच्या क्लबाविषयी ममता वाटण्याचे कारण नव्हते. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे येरवड्यास फासावर गेले. त्याच १९३१ साली कलकत्त्यात बिलियर्डची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. एकाच वर्षाच्या या दोन नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे, गिरणगावातील चाळींत कॅरम का रुजला आणि बिलियर्ड का नाही, हे निराळे सांगावे लागत नाही. कॅरमची फळी चाळीच्या ओट्यावर मावते. तेथे कापड नाही, मार्कर नाही, क्लबाची वर्गणी नाही. पण रिबाउंड आहे, कोन आहे, राणी घेतल्यावर लागणारे कव्हर आहे, आणि खुद्द त्याचे नाव बिलियर्डच्या कॅरम या फटक्याशी नाते सांगणारे आहे. अण्णा कॅरमचे मोठे खेळाडू होते. म्हणूनच की काय, त्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातच त्यांना कोन दिसू लागले.

क्लबाच्या भिंतीतून हा खेळ बाहेर काढणारा पहिला मोठा माणूस आपल्या पुण्याचा होता. विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात एका अँग्लो-इंडियन घरात झाला. १९५० मध्ये त्यांनी राष्ट्रीय बिलियर्ड स्पर्धा प्रथम जिंकली, आणि पुढे एकूण १२ वेळा बिलियर्डचे व ५ वेळा स्नूकरचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९५८ मध्ये कलकत्त्यास भरलेल्या जागतिक हौशी बिलियर्ड स्पर्धेत ते विजयी झाले, आणि कोणत्याही खेळात जगज्जेता ठरलेला स्वतंत्र भारताचा पहिला खेळाडू असा त्यांचा गौरव होतो. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी हे पद पुन्हा मिळवले. पुढच्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यानंतर मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये जगज्जेते झाले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत १,१४९ गुणांचा डाव करून हजाराची वेस ओलांडणारे ते पहिले हौशी खेळाडू ठरले. १९८४ मध्ये डब्लिनला ओम अगरवालने जागतिक हौशी स्नूकर जिंकले. मुंबईचा यासिन मर्चंट १९८९ आणि २००१ मध्ये स्नूकरचा आशियाई विजेता झाला. बिलियर्ड आणि स्नूकर दोन्हींत जगज्जेता ठरलेला पंकज अडवाणी वाढला बंगळुरात, परंतु जन्मला १९८५ मध्ये पुण्यातच.

आजच्या माडीवरच्या खेळाचे या परंपरेशी नाते आहे की नाही, असा प्रश्न मला अनेकांनी केला आहे, आणि त्यामागे, ही वाईट पोरांची जागा, असा समज असतो. मला तो मान्य नाही. तेथे मी शिस्त पाहिली. एक आपला फटका मारीत असताना दुसरा त्याच्या नजरेच्या रेषेत उभा राहत नाही. चुकून बाहीचा स्पर्श चेंडूला झाला, तर कोणी पाहिलेले नसतानाही मुलगा स्वतःच 'फाउल' म्हणतो. एट-बॉल पूलमध्ये स्पर्धेच्या नियमांनुसार कोणता चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये जाणार हे आधी ठरलेले असावे लागते, आणि ठरल्यावेगळे घडले तर खेळी पुढे चालत नाही; म्हणजे तेथे घुणाक्षराला कायद्यानेच मज्जाव आहे. स्नूकरने असा मज्जाव केला नाही. त्याने नशिबाचे दान घेण्यास परवानगी दिली आणि ते घेताना हात वर करण्याचा दस्तुर घातला, जो कोणत्याही नियमपुस्तकाच्या दंडावर चालत नाही. दोन्हींपैकी मला दुसरी रीत श्रेष्ठ वाटते.

निघताना अण्णांनी शेवटचा एक फटका मारला. त्यांना पिवळा चेंडू जवळच्या पॉकेटमध्ये घालायचा होता. तो गेला नाही, पण पांढरा कुशनला लागून परतला आणि त्याने पलीकडचा हिरवा पॉकेटमध्ये ढकलला. नियमाने तो फाउल होता. तरीही अण्णांनी, मुलाने दाखवला होता तसाच, डावा हात गंभीरपणे वर केला.

सोलापुरात, किंवा पुणे, नगर, विजापूर, कोल्हापूर या बाजूला, ज्यांच्या घरातील कोणी आजोबा-पणजोबांनी एखाद्या क्लबात, मेसमध्ये वा संस्थानी वाड्यात मार्करकी केली असेल, त्यांना माझी विनंती आहे: त्यांचे नाव, गाव, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत चाकरी केली, पगार काय होता, कोणाला शिकवले, हे आठवेल तितके एका वहीत लिहून काढा, आणि जुना क्यू, गुणफलक, इस्त्री किंवा नियमांचा कागद माळ्यावर पडला असेल तर तो मोडीत घालू नका. या लोकांच्या हातांतून खेळ आपल्यापर्यंत आला आहे, आणि त्यांची नावे सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.